ऐकून घेण्याची विद्या

कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आमच्याकडे आला. "सर, अभ्यासांत मन लागत नाहीं," एवढेंच तो बोलला. आम्हीं त्यास पहाटे उठणें, नियमित वाचन व दृढनिश्चय यांवर पाव तास उपदेश केला. "होय, सर," म्हणून तो निघून गेला. पुन्हां कधीं आला नाहीं. त्याची आई अंथरुणास खिळली होती, हें आम्हांस पुढें दुसऱ्याकडून कळलें.

या विद्येच्या आचार्यांसही हा धडा अनुभवानेंच मिळाला. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) हे रॉचेस्टर शहरीं मुलांच्या अडचणी सोडविण्याचें काम करीत. एका द्वाड मुलाच्या वर्तनाचें मूळ आईच्या दुराव्यांत आहे, हें तिला पटविण्याची त्यांनीं परोपरीनें खटपट केली; ती व्यर्थ गेली. अखेर दोघांनींही हार मानली. निघतां निघतां बाईनें मागें वळून, येथें मोठ्या माणसांसही साहाय्य मिळतें काय, असें विचारलें. आणि परत बसून आपल्या संसाराचें दुःख तिनें सांगितलें. रॉजर्स यांनीं या वेळीं ऐकून घेतलें. खरी सुधारणा तेथून सुरू झाली, आणि मुलगाही निवळला.

पुढें १९५७ सालीं त्यांनीं समुपदेशकाच्या ठिकाणीं अवश्य असे जे गुण सांगितले, ते तीन: दुसऱ्याचें दुःख त्याच्या दृष्टीनें पाहणें, कोणतीही अट न घालतां त्याचा आदर राखणें, आणि आंत एक, बाहेर एक असें न वागणें.

अशानें मुलें शेफारतील, असें कांहीं पालक म्हणतील. आमच्या मतें, आदर म्हणजे प्रत्येक कृत्यास संमति नव्हे. चूक ती चूकच; परंतु ती सांगण्याचा अधिकार आधीं ऐकून घेणाऱ्यासच मिळतो. मुलगा बोलूं लागतांच "आमच्या वेळीं" या शब्दांनीं आपण आरंभ केला, कीं त्याचें तोंड मिटलेंच म्हणून समजावें.

विद्यार्थिमित्रहो, ही विद्या तुम्हांसही हवी. कारण मित्राचें दुःख प्रथम तुमच्याच कानीं पडतें. तें चव्हाट्यावर मांडूं नका. मात्र त्याच्या जिवास धोका दिसला, तर "कोणास सांगणार नाहीं" हें वचन पाळूं नका. तत्काळ वडील माणसांस कळवा. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लक्षांत असूं द्या.

तो विद्यार्थी आज पुन्हां आला, तर आम्ही त्यास खुर्ची देऊं, आणि गप्प बसूं.