जिवंत असल्याचा पुरावा

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की मी जिवंत आहे हे मला सिद्ध करावे लागते. निवृत्त प्राध्यापकाच्या वाट्याला येणाऱ्या कर्मकांडांतले हे प्रमुख कर्मकांड. गेल्या खेपेस बँकेतल्या अधिकाऱ्याने मला पाहताच ओळखले, प्रकृतीची चौकशी केली, बसायला खुर्ची दिली, आणि मग विचारले, "सर, हयातीचा दाखला आणलात ना?" खुर्चीत बसलेला मी पुरेसा नव्हतो, माझ्या वतीने कागदाने साक्ष द्यायला हवी होती.

ही गंमत मला परवडते. कासार आंबोलीत माझ्या घराजवळ राहणाऱ्या एका वृद्ध विधवेला ती परवडत नाही. तिचे आयुष्य दुसऱ्यांच्या खाचरांत आंबेमोहोराची लावणी करण्यात गेले. निराधार योजनेचे पैसे चालू राहावेत म्हणून ती अंगठा द्यायला गेली, तर यंत्राने तिला ओळखलेच नाही. बोटांवरच्या रेषा चिखलात आणि भांडी घासण्यात झिजून गेलेल्या. दोन हेलपाटे झाले. दोन्ही वेळा सोबत गेलेल्या सुनेचा रोज बुडाला. ज्या कष्टांनी तिला आधाराचा हक्क मिळवून दिला, त्याच कष्टांनी तिचा पुरावाही पुसून टाकला होता.

आता मौज पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने प्रत्येक मृत्यूची नोंद सक्तीची केली आहे. खेड्यात ही नोंदवही ग्रामसेवकाकडे असते. त्याचे पदनाम २०२४ साली शासनाने बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे केले. वही मात्र तीच राहिली. म्हणजे कोण मेले हे सरकार स्वतः लिहून ठेवते. ती वही आणि निवृत्तिवेतनाची यादी शेजारी शेजारी ठेवणे एवढेच काम उरते. पण ते काम सरकारने स्वतःकडे घेतले नाही, ते म्हातारीवर टाकले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रशासनाने आपला खर्च वाचवला नाही; तो सर्वांत दुबळ्या माणसाच्या खात्यावर मांडला.

आणि ही म्हातारी निराधार कशी ठरते तेही पाहण्यासारखे आहे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेसाठी सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस काम केले की कुटुंब मर्यादेच्या वर जाते. हमी मात्र १०० दिवसांची होती. सरकारने दिलेले वचन सरकारने पुरते पाळले असते, तर सरकारच्याच हिशेबाने त्या घरात कोणी निराधार उरले नसते! साहजिकच दाखल्यावर खोटा आकडा लिहिला जातो. लिहिणाऱ्याला ठाऊक असते, लिहवून घेणाऱ्यालाही ठाऊक असते. गरिबाला खोटे बोलायला लावायचे आणि मग गरीब खोटे बोलतात म्हणून दाखले वाढवायचे, असा हा व्यवहार आहे.

सरकारला नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवताच येत नाही असे मात्र कोणी समजू नये. जून २०२४ मध्ये शासनाने लाडकी बहीण योजना जाहीर केली. रक्कम तीच, महिना १,५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख, आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. हमीपत्रावर सही केली की पुरे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. २०२५ साल उजाडले आणि छाननी सुरू झाली. शासनाच्याच तपासणीत लाभार्थ्यांमध्ये पुरुष निघाले, सरकारी कर्मचारी निघाले, आणि मग सर्वच बहिणींच्या मागे ई-केवायसीचा तगादा लागला. कष्टकरी स्त्रीच्या हाती चार पैसे पडले याचे आपल्याला वाईट वाटण्याचे कारण नाही. ते पडलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच की, जो विश्वास मतदानापूर्वी अडीच लाखांच्या मर्यादेपर्यंत पोचला, तो २१,००० च्या मर्यादेतल्या विधवेपर्यंत का पोचत नाही? सरकारच्या विश्वासालाही हंगाम असतो काय?

या विश्वासाला वर्गही असतो. २०१६ साली केंद्र सरकारने नवउद्योगांसाठी जो कार्यक्रम आखला, त्यात कामगार व पर्यावरणविषयक काही कायद्यांपुरती मालकाच्या स्वयंप्रमाणनाची सोय केली. कायदा पाळतो असे मालकाने स्वतःच लिहून दिले की झाले. 'इन्स्पेक्टर राज'च्या जाचातून उद्योगाला मुक्त करायचे, हा त्यामागचा युक्तिवाद. आमच्या जवळच्याच उरवड्यात ७ जून २०२१ रोजी कारखान्याला लागलेल्या आगीत १७ कामगार जळून गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या कारखान्याची जबाबदारी ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे आणि त्याचा निवाडा मी इथे करीत नाही. पण जिथे शब्द चुकला तर माणसे मरतात, तिथे तपासणी सैल करायची. आणि जिथे शब्द चुकला तर महिना १,५०० रुपये जातात, तिथे दर वर्षी अंगठा मागायचा, ही कोणत्या लोककल्याणकारी राज्याची रीत झाली?

कागदाच्या या राज्यात मुद्रांकाची कथा तर विनोदी नाटकात शोभावी अशी आहे. शासकीय दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ साली माफ केले. तरी लोक शंभराचा मुद्रांक घेतच राहिले, कारण मागणारे मागतच राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झाला आणि शाळकरी मुलांच्या पालकांकडून दाखल्यांसाठी तोही मागितला जाऊ लागला. ओरड झाली. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी हे शुल्क माफ केल्याची घोषणा केली. वीस वर्षांपूर्वी दिलेली सूट दुसऱ्यांदा देऊन सरकारने दुसऱ्यांदा आभार मिळवले.

'बंधने सैल केली तर खोटे लाभार्थी घुसतील,' असे काही सहकारी म्हणतील. शंका प्रामाणिक आहे. पण चुका दोन प्रकारच्या असतात: अपात्राला मिळणे ही एक, पात्राला न मिळणे ही दुसरी. पहिलीत तिजोरीचे नुकसान होते, दुसरीत चूल विझते. पहिलीचा आकडा मंत्री सभागृहात सांगतात. दुसरीचा आकडा कोणी मोजतच नाही. तपासणी जरूर व्हावी. मात्र ती सरकारने आपल्या दप्तरातून, आपल्या खर्चाने, आपल्या पायांनी करावी.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा रोजगार हमीच्या पूर्ण मजुरीच्या वर न्यावी आणि मजुरीच्या दराबरोबर वाढवावी. मृत्यूच्या नोंदवहीत नाव नाही, तोवर माणूस जिवंत धरावा. यंत्राने अंगठा नाकारला तर कर्मचाऱ्याने घरी जावे आणि तोवर पैसे थांबवू नयेत.

आणि कार्यकर्त्यांना एक काम. आपापल्या गावात पैसे बंद झालेल्या निराधारांची यादी करा, कारण लिहून घ्या, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात बसणाऱ्या दाखल्यांसाठी रीतसर अपिले टाका. मी आमच्या गावापासून सुरुवात केली आहे. यादीत पहिले नाव त्या शेजारणीचे आहे. ती जिवंत आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.