दुनळीची रुसलेली पिन
घोडा पडतो, ‘टक्’ होतं, पण बार उडत नाही. जुन्या घोड्याच्या दुनळीचं हे ठरलेलं दुखणं. जरा थांबून, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला ठेवूनच काडतूस काढावं. त्याच्या बुडाच्या टोपीवर ठसठशीत खळगा हवा, तिथे नखाचा ओरखडा उठावा तेवढीच खूण दिसते. म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या पिनचं टोक झिजलंय, नाहीतर वर्षानुवर्षांचं तेल थिजून ती अडकलीय. टोक गोलसरच हवं. अणकुचीदार केलं तर टोपीच फुटते. नवी पिन करायची, तर आमच्या भिलाईत एकसंध १३० मीटरचा रूळ लाटला जातो, लेथवाले तर पैशाला पासरी. पण ही पेराएवढी पिन त्यांनी करायची नाही. कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. आजोबांची दुनळी मग तशा परवानाधारक कारागिराकडेच न्यायची, आपल्या परवान्याच्या पुस्तकासकट.