फाटका आवाज, पण घरचा!

गणेशोत्सवात मांडवातल्या कर्ण्याचा आवाज जरा वाढला, की आपण सगळे ओरडतो, "अहो, आवाज फाटतोय!" तोच आवाज मुद्दाम फाडून घेण्यासाठी हल्लीची गिटारवाली मुलं हजारो रुपये मोजतात. तेही पायानं दाबायच्या एका चिमुकल्या खोक्यासाठी! त्याला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. माझी तक्रार आवाज फाडण्याबद्दल मुळीच नाही. ती फाडणावळीच्या दराबद्दल आहे.

असला आवाज म्हणजे शुद्ध रानटीपणा, असं आमच्या बिल्डिंगमधल्या काही मंडळींचं मत आहे. हीच मंडळी तंबोऱ्याची जवारी लागली की डोळे मिटून डोलतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून तारेला झणझणायला लावायचं, हे तरी दुसरं काय आहे? मूळ स्वरात वरचे स्वर मिसळले की नाद भरतो, हे मिरजेच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. अमेरिकेला ते अपघातानं कळलं. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या वेळी नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या यंत्राचा एक चॅनल बिघडला, गिटार घोगरी वाजली आणि लोकांना ती चक्क आवडली! १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं तसला घोगरेपणा 'मायस्ट्रो फझ-टोन' नावाच्या खोक्यात भरून विकायला काढला. थोडक्यात, या विद्येचा उगम नादुरुस्तीत आहे. आणि नादुरुस्ती ही काय विकत आणायची गोष्ट आहे?

त्या खोक्यात असतं तरी काय? गिटारचा इवलासा सिग्नल आधी फुगवायचा आणि मग दोन डायोड लावून त्याचे माथे सपाट छाटायचे. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला छाटायला लागतो. किंमत रुपया-दोन रुपये. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असले डायोड मूठभर मागितले तर दुकानदार आपल्याकडे दयेनं बघतो.

पण आमचा भाचा म्हणतो, "मामा, तुम्हाला नाही कळायचं. जुन्या जर्मेनियमची बातच और!" या जर्मेनियमपंथीयांनी मला फार छळलंय. १९६६ च्या फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर उकाड्यानं बिथरतात, हे यांना मान्य. तरी वैशाखात ते पुण्यात वाजवायचे! अमेरिकेत क्लॉन सेंटॉर नावाचं पेडल निघालं. आतली मांडणी कुणाला दिसू नये म्हणून त्यावर चक्क काळी राळ ओतलेली. आज ते जुन्या बाजारात हजारो डॉलरना जातं. मूर्तीपेक्षा शेंदूरच जास्त, म्हटल्यावर भाविक वाढणारच!

मग घरी करायचं तर कुठलं? आधुनिक रॉक वाजवायचा असेल तर फझ नको. १९६९ चं बिग मफही नको. खोलीत एकटं वाजवलं की ते मफ छाती दडपून टाकतं. पण मधले स्वर बसके, त्यामुळे ड्रम आणि बास सुरू झाले की मोर्चात हरवलेल्या पोरासारखं दिसेनासं होतं. माझं मत 'रॅट'ला. मिशिगनमधल्या कॅलामझू गावच्या प्रोको कंपनीचं हे १९७८ चं पेडल. एक आयसी, दोन डायोड, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी; संपला कारभार. त्याचं फिल्टरचं बटण उजवीकडे फिरवलं की आवाजाची धार कमी होते. सरकारी खात्यासारखं उलटं चालतं, एवढंच. मूळचा एलएम३०८ आयसी आता बनत नाही, ओपी०७ बसवा. पुढे कंपनीनंही तोच बसवला.

घरी करण्याचा खरा फायदा इथून पुढे आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झला बोलते. आजचे रॉकवाले ती आणखी उतरवतात. हा खर्ज जसाच्या तसा छाटायला पाठवला, की पिठलं होतं. म्हणून खर्ज आधी आवरायचा, मग छाटायचं. रॅटमध्ये ५६० ओहमच्या रेझिस्टरशी जोडलेला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो काढून १ मायक्रोफॅरडचा लावा. खर्ज जिथून उतरायला लागतो ती रेषा ६० हर्ट्‌झवरून २८० च्या आसपास जाते आणि पिठल्याचा झुणका होतो! हीच सुधारणा दुकानात 'टाइट' असा शिक्का मारून विकतात.

वर्तमानपत्रात गुंडाळून पेडल वाजत नाही, हे कबूल. धातूचा डबा लागतो, नाहीतर घरघर येते. (आमच्या हिनं रव्याच्या डब्याला आधीच कुलूप लावलंय.) डाग देताना बोटंही पोळतात. पण तयार पेडल नि घरचं पेडल यांत निवड करायची, तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. सोबत ड्रम वाजू द्या. आणि भाच्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. किंमत, नाव, राळ यांपैकी काहीही दिसलं नाही पाहिजे.

एवढं करून त्याला दुकानातलंच आवडलं, तर खुशाल घेऊ दे. मी अर्धे पैसे घालीन. निदान त्यानं ते कानानं निवडलेलं असेल. आमची पिढी नवरा-नवरीपासून प्रेशर कुकरपर्यंत सगळं नाव विचारून घेत आली. पोरांनी एक आवाज तरी ऐकून घ्यावा!