जाड तार म्हणजे दुरुस्ती नव्हे

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्या टेंपोचा दिवा वाटेत विझला, की उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून वेळ निभावली जाते. शहरातील जुन्या वाड्यांत किटकॅटला वायरीचे चार-पाच पदर पिळून बांधतात. मळ्यातील मोटारीच्या पेटीतही हाच प्रकार आढळतो. दिवा लागला, मोटार फिरली, म्हणजे दुरुस्ती झाली असे मानले जाते. ही समजूत घातक आहे.

फ्यूजची तार ही मुद्दाम ठेवलेली कमकुवत जागा होय. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढताच तिने आधी वितळावे व बाकीची वायर वाचवावी, एवढेच तिचे काम. ५ अँपिअरच्या फ्यूजसाठी तांब्याची ०.२ मिलिमीटर जाडीची तार वापरतात. ती सुमारे ७ अँपिअरला वितळते. १ मिलिमीटर जाडीची तार वितळण्यास मात्र सुमारे ८० अँपिअर लागतात. घरातील दिव्यांची वायर त्याच्या पुष्कळ आधी तापते व तिचे आवरण जळू लागते. म्हणजे जाड तारेने धोका टळत नाही. तो पेटीतून निघून वाड्याच्या लाकडात किंवा गोठ्याच्या छपरात शिरतो.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असल्याने धक्का बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु दोन वायरी एकमेकींस चिकटल्यास तीच बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देते आणि वायर क्षणात लाल होते.

रात्री पाण्याची पाळी आली असता वायरमन कोठून आणावा, हा शेतकऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. केवळ उपदेशाने तो सुटणार नाही. त्याचे उत्तर आधीच्या तयारीत आहे. फ्यूजची तार बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत, गाड्यांचे फ्यूज नाना पेठेत, आणि दोन्ही वस्तू तालुक्याच्या गावीही अल्प किमतीत मिळतात. योग्य मापाची तार पेटीजवळ व जादा फ्यूज गाडीत ठेवावे. तार बदलताना मेन स्विच बंद करावा, हात कोरडे असावेत व कोरड्या फळीवर उभे राहावे. तीच तार पुन्हा उडाली, तर दोष मोटारीत किंवा वायरीत आहे असे समजून काम थांबवावे व जाणकारास बोलवावे.

फ्यूज वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे, हेही ध्यानात असावे. एका अँपिअरच्या विसाव्या हिश्शाइतका प्रवाह शरीरातून गेला तरी प्राण जाऊ शकतो. त्यासाठी चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे हाच उपाय होय.

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील सभेत योग्य तार व पिळलेले पदर शेजारी ठेवून दाखवावेत. चुकलेली पाळी पुढे भरून काढता येते. जळालेला गोठा व गमावलेला माणूस परत आणता येत नाही.