विश्लेषण : कापूस काट्यावर, ऊस काट्यावर, मग कोकरू नजरेवर का?

बीड जिल्ह्यातील शेतकरी कापूस काट्यावर विकतो. तूर काट्यावर जाते, ऊस काट्यावर जातो, दूध लिटर आणि फॅट पाहून घेतले जाते. दारातले कोकरू किंवा करडू विकायची वेळ आली की मात्र काटा गायब होतो. व्यापारी जनावराच्या पाठीवर हात फिरवतो, कंबरेजवळ मांस चाचपतो, एक आकडा सांगतो आणि उक्ता सौदा होतो. काही बाजारांत तर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. आजूबाजूच्यांना तो कळतही नाही.

गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात ज्या घरी पाच-दहा शेळ्या-मेंढ्या आहेत, त्या घरासाठी हा आकडा म्हणजे शाळेचा खर्च, खताची उधारी किंवा दवाखान्याचे बिल असते. म्हणूनच तो ठरवण्याची पद्धत बदलायला हवी. ती बदलणे फारसे खर्चिकही नाही.

विक्रीला निघणारी पिल्ले कोणती?

शेळी-मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. मराठवाड्यात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नेहमीचे. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी विकसित केली, ती याच कारणासाठी.

लहान खांडाला पैदाशीसाठी एकच नर पुरतो. तोही दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर जवळच्या नात्यात पैदास होऊन पिल्ले कमजोर निघतात. त्यामुळे जवळपास सगळे नर विक्रीचे. माद्यांपैकी चांगल्या दुधाच्या आणि जुळी देणाऱ्या आईच्या पाटी ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. पाच शेळ्यांच्या घरातूनही वर्षाला पाच-सहा पिल्ले सहज विक्रीला निघतात. हीच त्या घराची रोकड.

नग आणि किलो यांत फरक किती?

विकणारा नग विकतो, घेणारा किलो घेतो. सगळी गोम इथे आहे.

एक हिशेब करू. त्यातले भाव समजण्यापुरते धरले आहेत. बोकडाचे जिवंत वजन 24 किलो आहे. शेळी-मेंढीच्या जिवंत वजनाच्या साधारण 45 ते 50 टक्के मटण निघते, म्हणजे इथे 11 ते 12 किलो. मटण 800 रुपये किलो धरले तर खाटकाच्या हाती 8,800 ते 9,600 रुपये येतात. मुंडी, पाय, वजडी आणि कातडे वेगळे. जिवंत वजनाला 350 रुपये किलो दर मिळाला, तर शेतकऱ्याला 8,400 रुपये मिळायला हवेत.

आता तेच जनावर नजरेने 21 किलोचे ठरले, तर 1,050 रुपये गेले. वर्षात अशी सहा पिल्ले विकली, तर 6,300 रुपये. रोज जनावरे उचलणाऱ्या व्यापाऱ्याचा अंदाज सहसा चुकत नाही. वर्षातून चार-पाच वेळा विकणाऱ्याचा चुकतो. मेंढीच्या कोकरात तर लोकरीमुळे फसगत आणखी वाढते. अंगावर लोकर असेल तर ते भरलेले दिसते, कातरले की तेच कोकरू लहान वाटते. काट्याला मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढेच वजन दिसते.

काटा नसेल तर वजन कसे काढायचे?

सर्वात सोपा उपाय घरगुती वजनकाट्याचा. आधी माणसाने एकट्याने उभे राहायचे, मग पिल्लू उचलून घेऊन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पिल्लाचे वजन. मोठ्या जनावरासाठी टांगता डिजिटल काटा झाडाच्या फांदीला बांधून पोत्याच्या झोळीत वजन घेता येते. वजन सकाळी, चारा-पाण्याआधी घ्यावे.

काटाच नसेल तर शिंप्याचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजायचा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 26 इंच आणि लांबी 24 इंच असेल तर उत्तर येते सुमारे 24.6 किलो. फोनमधले कॅल्क्युलेटर त्याला पुरते.

हा अंदाज आहे, काट्याची जागा तो घेत नाही. घेर एक इंच कमी मोजला तर जवळपास दोन किलो कमी भरतात. लोकर असेल तर टेप आवळून धरावा लागतो. तरीही आकडा हातात असलेला माणूस सौद्यात वेगळा बोलतो. ‘किती देता?’ असे न विचारता तो ‘किलोला काय देता?’ असे विचारतो.

बकरी ईदपर्यंत थांबावे का?

ईदला चांगला भाव येतो हे खरे, पण तो प्रत्येक पिल्लासाठी नसतो. कुर्बानीचा बोकड एक वर्ष पूर्ण केलेला लागतो. कान, डोळे, पाय धड हवेत. ईद चांद्रवर्षाप्रमाणे येते आणि दरवर्षी 10-11 दिवस आधी सरकते. 2024 मध्ये ती 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. याचा साधा अर्थ असा की, गेल्या ईदनंतर जन्मलेले करडू या ईदला वर्षाचे भरत नाही. मेंढीच्या बाबतीत थोडी सवलत आहे. हनफी परंपरेत सहा महिन्यांचे, पण वर्षाचे वाटेल इतके धष्टपुष्ट कोकरू चालते.

इतर पिल्लांचे गणित स्थानिक मागणीवर चालते. आषाढात मटणाला मागणी असते, श्रावणात ती पडते. मार्गशीर्षातही अनेक घरांत मटण बंद असते. धुळवडीला आणि जत्रांच्या दिवसांत ती पुन्हा वाढते. पण थांबण्यालाही खर्च आहे. पिल्लू दिवसाला 100 ग्रॅम वाढत असेल तर महिन्याला तीन किलो, म्हणजे वरच्या दराने 1,050 रुपये. त्याच्यावरचा महिन्याचा खर्च यापेक्षा कमी असेल तर थांबावे. उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागत असेल आणि वजन वाढतच नसेल, तर थांबणे तोट्याचे. वजन माहीत नसेल, तर हा निर्णयही नशिबावरच सोडावा लागतो.

विकण्याची घाई कुठून येते?

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन हजारो जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. काही जण शेळ्या सोबत नेतात. ज्यांना ते जमत नाही, ते निघण्याआधी विकतात. एकाच वेळी अनेक घरांतून जनावरे बाहेर पडतात, आणि विकणाऱ्याला तारीख गाठायची आहे हे घेणाऱ्याला पुरते ठाऊक असते. पाऊस कमी झालेल्या वर्षी चाऱ्याअभावी हेच होते, जूनमध्ये बी-बियाण्यासाठी पुन्हा हेच.

बाजारात नेलेले जनावर परत आणणेही सोपे नाही. येण्या-जाण्याचे भाडे अंगावर पडते. शिवाय गर्दीतून पीपीआरसारखा रोग घरी येण्याची भीती असते, म्हणून परतलेले जनावर दोन-तीन आठवडे खांडापासून वेगळे बांधावे लागते. त्यामुळे मिळेल त्या भावात देऊन माणूस मोकळा होतो.

अशा अडलेल्या वेळी काट्याने भाव वाढणार नाही, हे मान्य. पण अडचणीमुळे पडलेला दर आणि वजनात झालेली लूट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली रोखणे कठीण आहे. दुसरी एका काट्याने थांबते.

व्यापाऱ्यांचे म्हणणे काय?

त्यांचे मुद्दे अगदीच चुकीचे नाहीत. वाहतुकीत वजन घटते, एखादे जनावर दगावते, माल पडून राहतो. किलोवर विक्री सुरू झाली की काही जण वजनाआधी मीठ चारून पाणी पाजतील, अशीही भीती आहे. शिवाय सगळे मांस एका भावाचे नसते. कोवळे कोकरू, भरलेला बोकड आणि भाकड शेळी यांचा दर वेगळाच असणार. पैदाशीचा नर किंवा ईदचा देखणा बोकड किलोवर विकला जाणार नाही, आणि जाऊही नये.

पण यातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे. प्रतवारीनुसार दर वेगळे ठेवता येतात. पोट भरलेले असेल तर ठरावीक घट धरता येते. कापसात ओलावा पाहिला जातो, दुधात फॅट पाहिले जाते. म्हणून तिथे कुणी काटा आणि माप काढून टाकले नाही.

सरकारने काय करावे?

शेळी-मेंढी वाढवण्यासाठी योजना आहेत. राज्यात 10 शेळ्या आणि एक बोकड असा गट अनुदानावर मिळतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 5 नर ते 500 माद्या आणि 25 नर अशा प्रकल्पांना 50 टक्के भांडवली अनुदान आहे, 10 लाखांपासून 50 लाखांपर्यंत. जनावर घेताना सरकार सोबत उभे राहते. ते विकण्याच्या दिवशी मात्र शेतकरी एकटाच असतो.

महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा 1963 चा आहे आणि शेळ्या-मेंढ्या त्याच्या अनुसूचीत येतात. म्हणजे कापूस-तुरीप्रमाणे त्यांच्या व्यवहारावर लक्ष ठेवणे हे बाजार समितीचे कामच आहे. प्रत्येक जनावरांच्या बाजारात फाटकाजवळ कठडा असलेला प्लॅटफॉर्म काटा असावा. वजनाची पावती मिळावी. सौद्यानंतर किलोमागे पडलेला किमान आणि कमाल दर फळ्यावर लिहावा आणि कांदा-तुरीसारखाच रोज ऑनलाइन जाहीर व्हावा. सौदा नगावर करायचा असेल तर खुशाल करावा, पण वजन दोघांनाही माहीत हवे.

गावपातळीवरचे काम त्याहून सोपे आहे. अनुदानाच्या गटासोबत एक टांगता काटा द्यावा. शेळ्या बहुतेक घरांत बाया सांभाळतात, त्यामुळे ‘उमेद’चे बचत गट हा काटा ठेवू शकतात. महिन्यातला एक दिवस ठरवून गावातली पिल्ले एकत्र तोलली, तर व्यापाऱ्यालाही एका फेरीत गाडीभर माल मिळेल. मग घासाघीस करण्याची ताकद दोन्ही बाजूंना राहील.

तोपर्यंत पुढच्या वेळी व्यापारी दारात आला, की आधी शिंप्याचा टेप काढा. भाव मग बोला.