पहिला क्रमांक कोणत्या न्यायाने?

वेरूळच्या कैलास लेण्याचे चित्र हवे असलेला विद्यार्थी आता ग्रंथालयाची पायरी क्वचितच चढतो. महाजालावरच्या एखाद्या छायाचित्रसंग्रहात तो ‘कैलास’ हा शब्द टाकतो आणि समोर आलेल्या शेकडो चित्रांपैकी वरच्या दोन-तीनांतले एक उचलतो. वर आलेले चित्र वर का आले, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याची वही तपासणाऱ्या शिक्षकांनाही तो फारसा पडत असेल असे वाटत नाही. यंत्राने लावलेला क्रम तो निःपक्षपाती क्रम, अशी एक समजूत सुशिक्षितांच्या मनात घर करून बसली आहे. छायाचित्रांच्या बाबतीत तर ही समजूत विशेष घातक आहे.

मुळात शोध घेणारे यंत्र, निदान परवापरवापर्यंत, चित्र पाहतच नव्हते. ते चित्राला चिकटवलेले शब्द पाहत होते, आणि आजही त्याचा मुख्य आधार तोच आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी प्रत्येक शब्दापुढे तो शब्द जोडलेल्या चित्रांची यादी आधीच तयार असते. शोधणाऱ्याने दोन शब्द दिले, तर कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचे हे ठरवावे लागते. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एका निबंधात त्याचे उत्तर दिले: जो शब्द थोड्या नोंदींत आढळतो त्याचे वजन अधिक, जो सर्वत्र आढळतो त्याचे कमी. ‘वासोटा किल्ला’ असे शोधल्यास ‘किल्ला’ हा शब्द असंख्य चित्रांखाली सापडेल आणि ‘वासोटा’ मोजक्या चित्रांखाली. म्हणून वासोट्याची चित्रे वर येतात. नियम साधा आहे आणि शहाणपणाचाही आहे.

परंतु हा नियम लेखांसाठी, ग्रंथांसाठी घडला. दहा पानी लेखात एखादा शब्द वीस वेळा आला, तर लेख त्याच विषयाचा आहे असे मानायला आधार असतो. छायाचित्राखाली असतात तीन-चार शब्द. ‘वासोटा किल्ला, पावसाळा’ असे लिहिलेली चाळीस चित्रे असली, तर शब्दांच्या हिशेबाने ती चाळीसही सारखीच पात्र ठरतात. त्यांतले एक पहिले आणि एक चाळिसावे ठेवायचे तर शब्दांच्या बाहेरची कसोटी आणावी लागते. पक्षपाताला वाट मिळते ती येथे, आणि म्हणून या प्रश्नाचा खरा कस येथे लागतो.

२००४ साली सुरू झालेल्या फ्लिकर या संकेतस्थळाने पुढच्याच वर्षी अशी एक कसोटी आणली आणि तिला ‘रोचकता’ या अर्थाचे नाव दिले. चित्र किती जणांनी उघडले, ते कोठून तेथे आले, कोणी अभिप्राय दिला, कोणी ते आपल्या आवडीच्या यादीत घातले, त्याला कोणते शब्द जोडले आहेत, अशा गोष्टींवरून ती ठरते. कोणत्या गोष्टीला किती गुण, हे मात्र बाहेर सांगितले गेले नाही. नियम उघड केल्यास लबाडांचे फावेल, असे यावर सांगितले जाते आणि ते खोटेही नाही. पण परिणाम काय होतो? वर असलेले चित्र अधिक लोक पाहतात. अधिक लोकांनी पाहिले म्हणून ते वरच राहते. पैशाकडे पैसा जातो, तसाच हा प्रकार. एखाद्या अभ्यासकाने शिलालेखाचे स्पष्ट, सरळ, अक्षरे वाचता येतील असे चित्र ठेवले, तर ते मावळत्या सूर्याच्या लालीत न्हालेल्या बुरुजाखाली कोठेतरी दबून जाते. बुरुज सुंदर असतो यात शंका नाही. परंतु शोधणाऱ्याला शिलालेख हवा होता.

तारखेप्रमाणे क्रम लावावा, तो तरी निर्मळ असेल, असे कोणी म्हणेल. तारखा दोन असतात: चित्र काढल्याची आणि ते संग्रहात चढवल्याची. अजिंठा-वेरूळची छायाचित्रे काढणाऱ्या रॉबर्ट गिल यांचे १८६४ साली पुस्तकात आलेले एखादे चित्र कोणी काल चढवले असेल, तर चढवल्याच्या तारखेने ते ‘ताज्या’ चित्रांत जाऊन बसते. क्रमाची निवड वाचकाच्या हाती ठेवणारे संग्रह आहेत. मात्र आपण होऊन तो पर्याय शोधणारे वाचक थोडे.

चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवर हे सारे अधिक रोखठोक चालते. अडोबी स्टॉकवर एका चित्राला ४९ शब्द जोडता येतात आणि त्यांतल्या पहिल्या दहांना सर्वांत अधिक महत्त्व दिले जाते. छायाचित्रकाराला कॅमेऱ्याइतकीच शब्दांची कारागिरी शिकावी लागते. रास्त आहे, बाजार आहे. पण बाजारातली मांडणी म्हणजे ज्ञानाची मांडणी, असे शाळेतल्या मुलाला वाटू लागले तर दोष बाजाराचा नाही.

मग यंत्रालाच डोळे द्यावेत, असा उपाय निघाला. २०१५ च्या मे महिन्यात फ्लिकरने चित्रांना आपोआप शब्द जोडणारी व्यवस्था सुरू केली, तेव्हा डाखाऊच्या नाझी छळछावणीच्या चित्राला तिने मुलांच्या खेळण्यातील लोखंडी सांगाड्याचे नाव दिले. छावणीच्या दारातले गज यंत्राला दिसले. त्या दारातून आत गेलेली माणसे दिसली नाहीत. ते शब्द पुढे काढून टाकण्यात आले. यंत्रे त्यानंतर पुष्कळ सुधारली. २०२१ साली ओपनएआय या संस्थेने जाहीर केलेली क्लिप ही प्रणाली ४० कोटी चित्रे आणि त्यांच्या जोडीचा मजकूर यांवर शिकवलेली होती. मात्र ही चित्रे गोळा करताना वापरलेल्या शोधशब्दांची मूळ यादी इंग्रजी विकिपीडियात वारंवार येणाऱ्या शब्दांची होती. शब्दांवाचून चित्र पाहणारे म्हणून ज्याचे कौतुक झाले, ते यंत्रही शेवटी कोणाच्या तरी भाषेत पाहायला शिकले.

मराठी वाचकाचा संबंध येथे येतो. ‘कैलास’ म्हणजे तिबेटातला पर्वत, वेरूळचे लेणे की शेजारच्या घरातला मुलगा, हे केवळ अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला कळत नाही. कोणी ‘वेरूळ’ लिहितो, कोणी ‘वेरुळ’, आणि बहुतेक जण ‘एलोरा’ असे रोमन लिपीत. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘लेणे’, ‘लेणी’, ‘लेण्यांत’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला शिकवावे लागते. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. या अडचणी तांत्रिक आहेत आणि सुटण्याजोग्याही. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की, मराठीत शब्द लिहिलेच जात नाहीत. आपल्या गावच्या जत्रेचे चित्र आपणच इंग्रजीत नाव देऊन चढवायचे आणि मराठीत शोधल्यावर काही मिळत नाही म्हणून हळहळायचे, हा उद्योग अजब आहे.

शब्द लिहिण्याचे काम सामान्य माणसे करू शकतात, याचा पुरावा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपली सुमारे ३,००० जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवली आणि लोकांना शब्द जोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत संग्रहातील चित्रांना लोकांनी ६७,१७६ शब्द जोडले होते. त्यांत अयोग्य म्हणून काढावे लागलेले शब्द पंचवीसही नव्हते. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहात वर्गांची नावे इंग्रजीत ठेवण्याचा रिवाज आहे. परंतु २०१९ पासून चित्राला कोणत्याही भाषेत मथळा देता येतो, आणि चित्रात काय दिसते हे एका सामाईक नोंदीशी जोडता येते. त्या नोंदीत ‘कैलास लेणे’ हे मराठी नाव एकदा कोणी लिहिले, की तिला जोडलेली चित्रे मराठी शोधालाही सापडण्याची वाट मोकळी होते, मग ती चढवणारा जर्मन असो वा जपानी.

सरकारी अनुदानावर चालणारी वस्तुसंग्रहालये, पुराभिलेखागारे आणि विद्यापीठे आपापले जुने फोटो महाजालावर ठेवू लागली आहेत. त्यांपैकी कोणत्याही कामाला पैसा मंजूर करताना प्रत्येक चित्राखाली गाव, तालुका, वर्ष आणि विषय मराठीत लिहिण्याची अट घालणे सरकारला जड जाऊ नये. ‘पूना’ असे लिहिलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राखाली ‘पुणे’ लिहायला नवे यंत्र लागत नाही. ते चित्र कोणत्या पेठेतले, हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.