मैदानात आमचाही वाटा

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मुस्लिम मुलीच्या खेळण्याला वयाची एक अलिखित हद्द आहे. पाचवी-सहावीपर्यंत ती गल्लीत धावते, लंगडी-लगोरी खेळते. मग डोक्यावर ओढणी येते आणि गल्ली सुटते. तिचा भाऊ मात्र त्याच वयात बॅट घेऊन मैदानावर जायला लागतो.

मी पायात स्केट्स घातले ते पंचविशी ओलांडल्यावर. अम्मीने विचारलं, "हात-पाय मोडला तर उद्या पसंत कोण करेल?" बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, धर्माचं नाव त्यानंतर पुढे केलं जातं. आणि धर्माचंच विचाराल, तर हजरत आयेशा (र.) आणि पैगंबर (स.) यांच्यात लागलेल्या धावण्याच्या शर्यतीची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. आधी आयेशा जिंकल्या, काही काळाने पैगंबर जिंकले. मुलीने धावू नये म्हणणाऱ्यांना ही हदीस जरूर ऐकवा.

स्केटिंगमध्ये सगळ्यात आधी पडायला शिकावं लागतं. गुडघे वाकवायचे, वजन थोडं पुढे ठेवायचं, तोल गेलाच तर पॅड बांधलेल्या गुडघ्यांवर यायचं. ओढणी घट्ट पिन केली की तिच्यावर हेल्मेट नीट बसतं. सुरुवातीला कुणाचा तरी हात धरावाच लागतो. माझा हात धरणाऱ्यांत एक शिक्षिका होती, एक कॉलेजची मुलगी होती आणि दोन लेकरांची आईही. एरवी बाजारात आमची नजरानजरही झाली नसती. आज एकीच्या घरी अडचण आली तर बाकीच्या धावून जातात. मला खेळाने दिलेली ही सगळ्यात मोठी कमाई वाटते.

असा प्रयोग आपल्याच राज्यात आधी झालेला आहे. मुंब्र्यात २०१२ साली 'परचम' या गटाने मुलींना फुटबॉल खेळायला मैदानावर आणलं. घरोघरी जाऊन आई-वडिलांशी बोलणं झालं, मुलींनी मैदानासाठी हक्काने मागणी केली, आणि मुस्लिम व हिंदू मुली एकाच संघातून खेळल्या. स्केटिंगचंही आता नाव झालं आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरी राज यांनी ३००० मीटर रिलेत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांतही रोलर स्केटिंग आहे. पण बुलडाण्यातल्या किती उर्दू शाळांतल्या मुलींना हे कुणी सांगितलं आहे?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांत आठवड्यातले काही तास मुलींसाठी आणि महिलांसाठी राखून ठेवा. तिथे महिला प्रशिक्षक द्या आणि स्वच्छतागृहाला कडी लावा. उर्दू शाळांनी खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नये. शादीखान्याचा गुळगुळीत फरशीचा हॉल लग्नसराई नसताना रिकामाच असतो. जमातीने तो दोन तास उघडून दिला तरी एक वर्ग सुरू होईल.

आणि तरुण भावांनो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. बहिणीला मैदानापर्यंत सोडायला या, पण राखण करत बसू नका. तिला खेळू द्या, जमलं तर तिच्यासोबत खेळा. मैदान सरकारी आहे, म्हणजे ते जेवढं तुमचं तेवढंच तिचंही आहे.